कुरुंदा पंचक्रोशीतील नागरिकांस डाकसेवकांचे जाहीर आवाहन

कुरुंदा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतील सर्व नागरिक बंधुभगिनींस, ग्रामपंचायतींच्या पदाधिकाऱ्यांस, शिक्षकांस, व्यापाऱ्यांस आणि विशेषतः ज्यांच्या घरी टपालखात्याचे पासबुक आहे अशा प्रत्येक कुटुंबास, या भागात टपालाचे काम करणाऱ्या आम्हा डाकसेवकांच्या व कर्मचाऱ्यांच्या वतीने सविनय कळविण्यात येते की, पुढील मजकूर वर्गणीसाठी लिहिलेला नाही. संघटनेचे नाव निघताच समोरच्या गृहस्थाला शेतावरचे एखादे तातडीचे काम आठवते, हा अनुभव कोणत्याही चळवळीत वावरलेल्या माणसाला नवा नाही. तेव्हा ही गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. आपल्याकडे आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. एक, आमच्याशी व्यवहार करताना आपण दक्ष राहावे. आणि दुसरी, येत्या ग्रामसभेत आमच्या हक्कांच्या बाजूने एक ठराव करावा. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि ज्या गावाच्या नावावरून विचारवंत नरहर कुरुंदकरांचे आडनाव पडले त्या गावाला युक्तिवाद सोपा करून सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही; म्हणून थोडा विस्तार करणे प्राप्त आहे.

या मुलुखाला टपाल नवे नाही. हैदराबाद संस्थानाची तिकिटे १८६९ सालापासून निघत होती, आणि निजामी अमलाच्या त्या तिकिटांवर उर्दूच्या जोडीला मराठी अक्षरेही छापलेली असत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १ एप्रिल १९५० रोजी संस्थानी टपालखाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले. त्यानंतर जिल्हे बदलले, १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली निराळा झाला, तरी टपालाच्या दृष्टीने आमचा विभाग परभणीचाच राहिला. हे सारे बदल दफ्तरी नोंदले गेले; परंतु थैली घेऊन पायी किंवा सायकलीवर निघणाऱ्या माणसाच्या स्थितीत त्या प्रमाणात बदल झाला का, हा खरा प्रश्न आहे.

गावातील शाखा डाकघर चालविणारा शाखा डाकपाल आणि टपाल वाटणारा सेवक हे दोघेही बहुधा ‘ग्रामीण डाकसेवक’ या वर्गातील असतात. इंग्रजी अमदानीत शाळामास्तर, दुकानदार अशा स्थिरस्थावर माणसाकडे फावल्या वेळचे काम म्हणून टपाल सोपविण्याची जी पद्धत पडली, तिच्यातूनच हा वर्ग निर्माण झाला. पूर्वी त्याला खातेबाह्य कर्मचारी म्हणत आणि २००१ च्या नियमांनी त्याचे नामकरण ग्रामीण डाकसेवक असे झाले. नाव बदलले, तरी मूळ कल्पना तशीच राहिली. या माणसाचे काम दिवसाकाठी चार ते पाच तासांचे, त्याला उपजीविकेचे दुसरे साधन असलेच पाहिजे, आणि त्याला जे मिळते ते वेतन नव्हे, तर तासांशी जोडलेला भत्ता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा प्रकरणात ही मुलकी पदे आहेत असा निर्णय दिला, म्हणजे या माणसाला चौकशीशिवाय काढून टाकता येणार नाही एवढे निश्चित झाले. पण पद मुलकी ठरले म्हणून निवृत्तिवेतन आले नाही. न्यायमूर्ती तलवार यांच्या समितीपासून कमलेश चंद्र यांच्या समितीपर्यंत अनेक समित्या बसल्या, अहवाल झाले, आणि प्रत्येक अहवालानंतर अंमलबजावणीसाठी पुन्हा झगडावे लागले. २२ मे २०१८ पासून देशभर डाकसेवकांचा जो संप झाला तो याच कारणाने. ६ जून रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ जुलै २०१८ पासून शाखा डाकपालास चार तासांसाठी १२,००० व पाच तासांसाठी १४,५०० रुपये, तर सहायकास व वाटप करणाऱ्या सेवकास अनुक्रमे १०,००० व १२,००० रुपये, अधिक महागाई भत्ता, असे दर लागू झाले. त्या संपात आपली गैरसोय झाली, आणि तरीही बहुतेकांनी आम्हांस दूषण दिले नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

आता हे तास मोजतात कसे, ते आपण समजून घ्यावे, कारण येथूनच आपला संबंध सुरू होतो. शाखा डाकघरात किती वस्तू आल्या, किती वाटल्या, किती खात्यांत भरणा वा उचल झाली, यांवरून कामाचा बोजा ठरतो आणि बोज्यावरून तास. सर्वसाधारण ग्रामीण भागात नवे शाखा डाकघर काढताना त्याच्या खर्चाच्या निदान एकतृतीयांश उत्पन्न त्यातून अपेक्षिले जाते. म्हणजे ज्या गावातील लोक आवर्ती ठेव, सुकन्या समृद्धी किंवा ग्रामीण टपाल जीवन विमा यांसाठी दहा मैलांवरच्या मोठ्या कचेरीत जातात, त्या गावातील शाखा कागदावर निरुपयोगी ठरत जाते. मग एक दिवस तिचे तास कमी झाले की तेच लोक विचारतात, डाकपाल दुपारी का भेटत नाही? जो व्यवहार गावच्या शाखेत होऊ शकतो, तो गावातच करावा, एवढीच विनंती.

परंतु व्यवहार करा असे म्हणणाऱ्याने तो सुरक्षित कसा करावा हेही सांगितले पाहिजे, आणि येथे आम्ही काही अप्रिय बोलणार आहोत. शाखा डाकघर हे विश्वासावर चालते. डाकपाल गावचा, ओळखीचा, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारा. त्यामुळे पासबुक त्याच्याच पेटीत ठेवण्याची चाल पुष्कळ गावांत पडलेली असते. ‘राहू द्या तुमच्याकडेच, दर महिन्याला कुठे आणत बसू,’ असे म्हणून म्हातारी मावशी शंभराची नोट पुढे करते आणि निघून जाते. हा विश्वास आम्हांस प्रिय आहे, परंतु तो आम्ही नाकारतो. अपहाराची प्रकरणे देशात जेथे जेथे उघडकीस आली, तेथे बहुधा पासबुक खातेदाराजवळ नव्हते. एका माणसाच्या अप्रामाणिकपणाचा डाग शंभर प्रामाणिक माणसांच्या गणवेशावर पडतो, आणि पगारवाढीची मागणी घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला प्रथम त्याच डागाविषयी विचारले जाते.

म्हणून असे करावे. पासबुक आपल्या घरी, आपल्या कुलपात असावे. पैसे भरताना ते नेऊन समोर उभे राहून नोंद करवून घ्यावी. नोंदीत रक्कम, शिल्लक, डाकपालाची सही आणि तारखेचा शिक्का एवढे सर्व आहे की नाही ते पाहावे, आणि वाचता येत नसेल तर घरच्या शाळकरी मुलाला बरोबर न्यावे, म्हणजे त्यालाही चार आकडे वाचण्याचा सराव होईल. हातातील यंत्रातून जी छापील पावती निघते ती मागून घ्यावी. नोंदीसाठी वा व्याज लावण्यासाठी पासबुक ठेवून घेतले गेले तर ते घेतल्याची लेखी पावती मागावी. ती मागणे हा अविश्वास नव्हे, आणि तसे कोणी म्हणालाच तर तो आमच्या संघटनेचा सदस्य असला तरी आम्ही त्याची कड घेणार नाही. तक्रार करायची तर तारीख व नोंदीचा क्रमांक लिहून लेखी करावी. चावडीवर केलेली तक्रार वाऱ्यावर जाते आणि निरपराध माणसाचे नाव मात्र घेऊन जाते.

यंत्राविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०१८ च्या सप्टेंबरात टपालखात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि अंगठा लावून दारातच पैसे मिळू लागले. ‘लाडकी बहीण’ योजनेनंतर तर या खात्यांचे महत्त्व घरोघर कळले. पण वसमत तालुक्यातील ज्या बायांचे हात हळद काढण्यात आणि खुरपणीत झिजले आहेत, त्यांच्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. बोट पदराला पुसायचे, पुन्हा ठेवायचे, दुसरे बोट पाहायचे, मग रेंज नाही म्हणून यंत्र घेऊन अंगणात, तेथून ओट्यावर. रांगेतली पंधरा माणसे तोवर डाकपालाकडे रोखून पाहत असतात. अशा वेळी थोडा धीर धरावा. आणि आधार केंद्रात ठसे पुन्हा नोंदवून घेता येतात, हे घरच्या वडीलधाऱ्यांस सांगावे.

पत्त्याबाबत थोडक्यात सांगतो. हिंगोली जिल्हा होऊन पाव शतक उलटले तरी ‘जि. परभणी’ असे लिहिलेली पत्रे येतात, आणि पिन क्रमांक तर कित्येक जण शोभेचा समजतात. हा सहा आकडी क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो ज्यांच्या कल्पनेतून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवी. एकाच नावाची गावे देशात अनेक असल्याने होणारा घोटाळा मिटविण्यासाठी त्यांनी ही योजना मांडली. आपला क्रमांक ४३१ ने सुरू होतो; उरलेले तीन आकडे डाकघरात विचारून दारावरच्या पाटीवर लिहून ठेवावेत, आणि पत्त्याखाली भ्रमणध्वनीचा क्रमांक द्यावा. कुत्रा असल्यास दुपारी बांधून ठेवावा, हेही येथेच सांगून टाकतो.

आता आमच्या घरची वार्ता. डाकसेवकांची भरती अलीकडे दहावीच्या गुणांवर होते, त्यामुळे दूरच्या जिल्ह्यांतील मुले-मुली या भागातील शाखांवर रुजू होऊ लागली आहेत. शाखा डाकपालाने त्याच गावात राहिले पाहिजे आणि कचेरीसाठी जागाही त्यानेच दाखविली पाहिजे, असा नियम आहे. वीस-बावीस वर्षांची एखादी मुलगी परक्या गावी एकटी येते, खोली शोधते, आणि तिला प्रथम जातीविषयी विचारणा होते, ही गोष्ट आपल्या पंचक्रोशीत घडू नये. ज्यांच्याकडे रस्त्यालगत उजेडाची खोली आहे त्यांनी ती रास्त भाड्याने द्यावी. देताना जोत्याची उंची मात्र पाहावी. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात घराघरांतून पाणी शिरले ते कोणी विसरलेले नाही, आणि शिक्के, तिकिटे व हिशेबाची पुस्तके ओलीत टिकत नाहीत. त्या पुरासारख्या प्रसंगी पासबुक भिजले तर दुय्यम पासबुक मिळते. त्यासाठी अर्ज करावा.

आणि दुसऱ्या टोकाला आमचे वृद्ध सहकारी आहेत. डाकसेवक पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. तोवर त्याने लष्करातल्या मुलाची मनीऑर्डर आणली, नोकरीची नेमणूकपत्रे पोहोचविली, तार बंद झाल्यावर वाईट बातमीही त्यालाच तोंडाने सांगावी लागली. आणि निवृत्तीच्या दिवशी त्याला अनुग्रह म्हणून एक ठोक रक्कम मिळते, नियमित निवृत्तिवेतन नाही. नियमित सेवेतील टपाल कर्मचाऱ्याला जे रजेचे, वैद्यकीय मदतीचे व निवृत्तीचे लाभ मिळतात, त्यांच्या प्रमाणात लाभ डाकसेवकालाही मिळावेत, आणि जेथे काम आहे तेथे आठ तासांची नेमणूक व्हावी, अशी आमची मागणी आहे.

ही मागणी आम्ही सरकारकडे करतो, तर ग्रामसभेचा ठराव कशाला? कारण संघटनेचे म्हणणे स्वार्थाचे मानले जाते, आणि त्यात अंशतः तथ्यही आहे. ११ जुलै १९४६ रोजी देशभरच्या पोस्टमन व कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी संप पुकारला तेव्हा त्याला जे वजन आले ते सामान्य जनता पाठीशी उभी राहिल्याने. २९ जुलैला कलकत्त्यात त्यांच्यासाठी इतर धंद्यांतील कामगारांनीही काम बंद ठेवले होते. आज तसा बंद आम्हांस नको. टपालसेवा आपल्या गावाला किती तास लागते हे आपणच सांगू शकता, आणि आमच्या हिशेबावर ज्यांची कडक नजर आहे त्यांची साक्ष अधिक ग्राह्य धरली जाईल.

सबब विनंती अशी की, येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे आगाऊ लेखी अर्ज द्यावा. ठरावाचा मसुदा आपल्या गावच्या शाखा डाकघरात कामाच्या वेळी वाचावयास मिळेल. त्यात फेरफार सुचवावयाचा असल्यास जरूर सुचवावा. ठराव संमत झाल्यावर त्याची एक प्रत परभणी येथील डाकघर अधीक्षकांकडे, एक लोकसभा सदस्यांकडे आणि एक आमच्याकडे द्यावी. ज्यांना ठराव मान्य नसेल त्यांनी सभेत तसे बोलून दाखवावे व आपली हरकत कार्यवृत्तात नोंदवून घ्यावी.

आपले नम्र,
कुरुंदा परिसरातील ग्रामीण डाकसेवक व टपाल कर्मचारी