घर दिले, उजेड कुठे?

रुळाच्या कडेला राहणारा माणूस आणि रुळावरून गाडी नेणारा माणूस यांच्यात भांडण लावून देणे सोपे असते. मुंबईत ते अनेक वर्षे लावले गेले. १९८० आणि १९९० च्या दशकांत हार्बर मार्गावर आणि मध्य रेल्वेच्या कुर्ला-ठाणे पट्ट्यात झोपड्या रुळांच्या इतक्या जवळ आल्या होत्या की काही ठिकाणी दाराबाहेर टाकलेले पाऊल थेट खडीवर पडे. अशा जागी मोटरमनला गाडीचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास आणावा लागे, कधी त्याहूनही खाली. गाडी उशिरा पोहोचली की फलाटावरची गर्दी शिव्या घालणार मोटरमनला आणि गार्डला. गँगमनने खडी भरायची ती माणसांच्या वावरातून, सांडपाण्यातून, घाणीतून वाट काढत. आणि एखादे मूल अचानक समोर आले तर ब्रेक दाबणाऱ्या हाताला पुढे कित्येक रात्री झोप लागत नसे. ही नोकरी ज्यांनी केली त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

पण त्या झोपडीत राहात कोण होते? मालधक्क्यावर ओझे वाहणारा, यार्डात ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर राबणारा, बांधकामावरचा बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. कामाच्या जागेजवळ परवडेल असे छप्पर या शहरात त्यांना कोणीच दिले नव्हते, म्हणून ते रुळाशी आले. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की राहत्या जागेवरून उठवणे म्हणजे पोटावर पाय देणे, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालाने नोटीस देऊन उठवायला मोकळीकही दिली, हे मात्र पुष्कळ लोक सांगायचे विसरतात.

या गाठीतून मुंबईने एक वाट काढली. ती आमच्या वाचकांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात घेण्यासारखे जितके आहे तितकेच सावध होण्यासारखेही आहे.

१९८८ च्या सुमारास राज्य शासन, रेल्वे आणि ‘स्पार्क’ ही स्वयंसेवी संस्था यांनी रुळालगतच्या वस्त्यांची मोजणी केली. सुमारे १८ हजार कुटुंबे आढळली. मोजणीचे हे काम झोपडपट्टीतल्या लोकांनाच बरोबर घेऊन झाले, आणि त्यातूनच रुळालगतच्या रहिवाशांची स्वतःची संघटना उभी राहिली. राष्ट्रीय पातळीवर झोपडपट्टीवासीयांचा महासंघ बांधणारे जोकिन अर्पुथम आणि वस्तीतल्या बायकांची ‘महिला मिलन’ ही बचत करणारी संघटना यांची त्यामागे ताकद होती. (जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये ते वारले.) रोज एक-दोन रुपये बाजूला टाकणाऱ्या बायकांकडे वस्तीतल्या प्रत्येक घराचा हिशेब असे. कोण खरा रहिवासी, कोण काल येऊन बसलेला, हे तलाठ्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक होते. युनियनची वर्गणी दारोदार गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याला या कामाची किंमत लगेच कळेल.

मग हळूहळू गोष्टी घडल्या. काही ठिकाणी लोकांनी स्वतःच झोपड्या रुळापासून ३० फूट मागे घेतल्या आणि मध्ये भिंत उभी राहिली. कुर्ला आणि ठाण्यामधल्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी कांजूरमार्ग येथे सुमारे ९०० कुटुंबे हलली. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखालील गटाने पुनर्वसनाच्या धोरणाचा पाया घातला. १९९९ मध्ये रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र शासन यांच्या ५१ आणि ४९ टक्के भागीदारीतून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. पुनर्वसनाची जबाबदारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेली.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे कोणी समजू नये. २००० साली हार्बर मार्गावर रेल्वेने पाडापाडी सुरू केली, सुमारे दोन हजार झोपड्या जमीनदोस्त झाल्या, आणि रहिवाशांच्या संघटनेने रुळावर उतरून गाड्या अडवल्या. तेव्हा कुठे पाडकाम थांबले. जागतिक बँक पैसे देणार होती आणि सक्तीने उठवलेली माणसे तिच्या नियमात बसत नव्हती, हेही त्यामागचे एक कारण होतेच. बँकेने कर्ज मंजूर केले ते २००२ मध्ये.

या सगळ्यातून जे झाले ते लहान नाही. साठ हजारांवर माणसे पोलिसांच्या लाठीविना रुळाजवळून हलली. आधी संक्रमण शिबिरात, मग पक्क्या घरात. शेजार एकत्र ठेवून, घरांचे वाटप आपापसात ठरवून. मोकळ्या झालेल्या जागेवर नवे रूळ पडले, गाड्यांचा वेग वाढला. रेल्वेने जमीन सोडवून घेतली, शासनाने जागा आणि धोरण दिले, बँकेने पैसा दिला, संस्थेने मधले काम केले, आणि लोकांनी स्वतः मोजणी करून स्वतः घर हलवले. निरनिराळ्या हातांनी मिळून शहर कसे सुधारावे याचे उदाहरण म्हणून हे काम देशोदेशी सांगितले जाते. ते कौतुक रास्त आहे. उठवण्याची गोष्ट इथे पुरी होते.

वसवण्याची गोष्ट वेगळी आहे.

मानखुर्दचे लल्लुभाई कंपाउंड किंवा गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड ज्यांनी पाहिले असेल, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. २२५ चौरस फुटांचे घर, फुकट, नावावर. एवढ्यावर कोणी नाक मुरडू नये. या शहरात तेही थोडे नाही. पण सात-सात मजल्यांच्या इमारतींच्या रांगा एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. दोन इमारतींमधल्या बोळात वरून टाकलेला कचरा साठतो, म्हणून उरलीसुरली खिडकीही बंद राहते. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. या दोन वसाहतींत साधारण दर दहा कुटुंबांमागे एका कुटुंबात क्षयरोग आढळला. जवळच्याच पीएमजीपी वसाहतीत, जिथे इमारतींमध्ये अंतर जास्त आहे, तिथे हे प्रमाण फारच कमी निघाले. वस्ती तशीच गरीब, माणसे तशीच कष्टकरी. फरक उजेडाचा आणि वाऱ्याचा.

हे कळायला आयआयटी लागावी, याचेच आम्हाला नवल वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे हजारोंनी मेली, आणि १८९८ मध्ये इंग्रज सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला तो याच कारणासाठी: कोंदट चाळींत हवा आणि ऊन जात नव्हते. त्या ट्रस्टचे जे. पी. ऑर हे अधिकारी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरीत. भाषेत अवघड वाटणारा हा नियम हिशेबात सोपा आहे. खालच्या मजल्यावर पुरेसा उजेड पडायचा तर समोरच्या इमारतीची जेवढी उंची, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. सात मजली इमारत वीस मीटरहून अधिक उंच जाते. म्हणजे किमान दहा मीटर मोकळी जागा. मिळाली तीन. साहेबाच्या राज्याने आमच्या हिताची फारशी काळजी वाहिली नाही, पण शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला हिशेब स्वराज्यात पुसला जावा, हे लाजिरवाणे आहे.

तो पुसला कसा गेला? पुनर्वसनाची बरीच घरे शासनाने रोख पैसे मोजून बांधली नाहीत. बिल्डरने घरे बांधून द्यायची आणि मोबदल्यात त्याला दुसरीकडे बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर, मिळायचा. तो हक्क विकून कमाई व्हायची ती चांगल्या वस्तीत. जितकी घरे एका भूखंडावर कोंबता येतील तितका हक्क मोठा. म्हणून जमीन स्वस्त असलेला शहराचा पूर्व कोपरा, मानखुर्द-गोवंडीचा एम-पूर्व विभाग, हे पुनर्वसनाचे कोठार झाले. मानवी विकासात मुंबईत सर्वांत खाली असलेला विभाग हाच, असे २००९ च्या मुंबईच्या अहवालात नोंदले आहे. जिथे दवाखाना, शाळा, पाणी आधीच अपुरे, तिथे आणखी हजारो कुटुंबे नेऊन ठेवली. इमारतींमधले अंतर कमी करण्याची सवलत नियमांतच होती, त्यामुळे कायदा मोडला असेही कोणाला म्हणता येत नाही.

रुळ मोकळे करण्याला मुदत होती, हिशेब होता, जबाबदार अधिकारी होता. घरात ऊन येते की नाही, याला कोणी धनी नव्हता. रेल्वेचे काम जमीन मिळताच संपले. प्राधिकरणाचे काम चावी देताच संपले. बिल्डरचे तर त्याआधीच. राहिली ती रहिवाशांची सोसायटी: लिफ्टचे बिल, पंपाचे बिल आणि देखभालीचा खर्च डोक्यावर, आणि काम पूर्वीच्या जागी राहिल्याने रोजचे भाडे वेगळे. आमच्या टपाल खात्यातल्या पोस्टमन बंधूंना विचारा. बंद लिफ्टच्या इमारतीत सातव्या मजल्यापर्यंत पत्र पोहोचवताना कोणता जिना अंधारा आहे आणि कोणत्या घरात खोकणारे माणूस आहे, हे त्यांना कोणत्याही अहवालाआधी ठाऊक असते. २००४ मध्ये रस्त्यांच्या कामाने बाधित झालेल्यांनी, त्यांत दुकानदार बरेच, जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मंडळाचा अहवाल २००५ च्या शेवटी आला आणि २००६ मध्ये बँकेने काही महिने रस्ते व पुनर्वसनाचे पैसे रोखून धरले. म्हणजे घराच्या दर्जाबद्दल दाद मागायची, तर ती वॉशिंग्टनपर्यंत न्यावी लागली.

आता कोणी म्हणेल, रेल्वे आणि टपालाच्या कामगारांनी यात का पडावे? अतिक्रमण करणाऱ्यांची वकिली युनियनने का करावी?

एक तर हा प्रश्न संपलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुरतच्या उतरण-बेस्तान रेल्वे वस्तीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उठवलेल्या कुटुंबांना सहा महिने दरमहा दोन हजार रुपये देण्याचा आदेश दिला. दोन हजारांत सुरतेत कोणती खोली मिळते, ते न्यायालयालाच ठाऊक. त्या आदेशापाठोपाठ जानेवारी २०२२ मध्ये कळवा-मुंब्रा भागातल्या रुळालगतच्या लोकांच्या हाती रेल्वेच्या नोटिसा पडल्या. तीस वर्षे मुंबईत शिकलेले मोजणी, चर्चा, संक्रमण हे सारे विसरून पुन्हा नोटीस आणि बुलडोझर. महाराष्ट्राबाहेरही हे येणार. जयपूर शहर आग्रा रस्त्याने बस्सीच्या दिशेने पसरते आहे. तिथे जयपूर-बांदीकुई मार्गालगतची जमीन आज मोकळी दिसली तरी उद्या कोणाचे तरी छप्पर तिच्याजवळ येईल, आणि बस्सीच्या ट्रॅकमनलाही कुर्ल्याच्या गँगमनसारखाच प्रश्न पडेल. वस्ती वाढण्याआधी घरे बांधण्याची संधी तिथे अजून आहे. मुंबईला ती नव्हती.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आता पाळी आमच्या क्वार्टर्सची आहे. २००६ मध्ये रेल्वे भूमी विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि जुन्या रेल्वे वसाहती पाडून जमिनीचा काही भाग खाजगी विकासकाला द्यायचा, उरलेल्या भागावर त्याने कर्मचाऱ्यांची घरे बांधून द्यायची, ही पद्धत रूढ होते आहे. धारावीच्या पुनर्विकासासाठी माटुंगा-दादर पट्ट्यातली सुमारे ४५ एकर रेल्वे जमीन गेली आहे, आणि तिथे २०२४ मध्ये काम सुरू झाले ते रेल्वे क्वार्टर्सपासून. जुनी क्वार्टर्स गळतात, भिंतींना ओल येते, हे खरेच. नवी घरे हवीत, यात वाद नाही. पण जुन्या वसाहतीत दोन इमारतींमध्ये झाड वाढायला, पोरांना क्रिकेट खेळायला जागा होती. नव्या नकाशात ती जागा विकासकाच्या वाट्याला जाणार की आमच्या? मोबदल्याची रीत तीच आहे, जी गोवंडीत होती. जो नियम झोपडीवाल्यासाठी तीन मीटरवर आला, तो क्वार्टरवाल्यासाठी दहा मीटरवरच थांबेल, अशी हमी कोणी दिलेली नाही.

मुंबईच्या त्या कामात शासन होते, रेल्वे प्रशासन होते, बँक होती, संस्था होती, रहिवाशांची संघटना होती. रेल्वेच्या कामगार संघटना मात्र त्या बैठकांत ठळकपणे कुठे दिसल्या नाहीत, आणि त्यांना बोलावण्याची गरजही कोणाला वाटली नाही. आमचे म्हणणे असे की यापुढे रुळालगतचे पुनर्वसन असो की रेल्वे-टपाल वसाहतीचा पुनर्विकास, करारावर सही होण्याआधी मान्यताप्राप्त संघटनेचा आणि रहिवाशांचा प्रतिनिधी समितीवर असला पाहिजे. इमारतींच्या उंचीच्या निम्मे अंतर मोकळे ठेवण्याची अट त्या करारात लिहिली पाहिजे, आणि ती कोणत्याही सवलतीने शिथिल होता कामा नये. चावी दिल्यावर दहा वर्षे लिफ्ट, पाणी आणि देखभालीची जबाबदारी बांधणाऱ्यावर राहील आणि त्यासाठीची ठेव आधीच बँकेत पडेल, असे कलम हवे.

प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीचा मंजूर नकाशा माहिती अधिकाराखाली अर्ज करून मागवावा. दहा रुपयांचे काम आहे. नकाशा आला की फूटपट्टी लावून इमारतींमधले अंतर मोजावे आणि आकडा शाखेच्या फलकावर लावावा. जिथे तो उंचीच्या निम्म्याहून कमी निघेल, तिथल्या शाखेने विभागीय कार्यालयाला लेखी हरकत द्यावी, आणि तिची प्रत आमच्याकडे धाडावी.