संगणक-सुरक्षेचे प्रशिक्षण : प्रमाणपत्रे किती, तालीम किती?

रुग्णालयातील संगणक हा आता केवळ बिले काढण्याचे यंत्र राहिलेला नाही. रुग्णाची नोंद, रक्ततपासणीचे अहवाल, सी.टी.च्या प्रतिमा, औषधांचा साठा, विम्याचे दावे, हे सारे त्याच्याच आधाराने चालते. या व्यवस्थेची राखण करणारे मनुष्यबळ मात्र बहुतेक ठिकाणी एका लहानशा खोलीत बसणाऱ्या दोन-चार तंत्रज्ञांपुरते असते. त्यांना सुरक्षेचे शिक्षण द्यायला हवे हे व्यवस्थापनाला आता पटू लागले आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु काय शिकवावे आणि कोणत्या प्रमाणात, याचा विचार क्वचितच होतो. वर्षातून एकदा चार-पाच दिवसांचा वर्ग, त्यातही ‘एथिकल हॅकिंग’सारख्या आकर्षक नावाचा, अखेरीस परीक्षा आणि भिंतीवर प्रमाणपत्र. घुसखोर कुलूप कसे तोडतो हे शिकणे रंजक असते. आपले कुलूप तुटल्यावर दवाखाना कसा चालू ठेवावा, हे शिकणे कंटाळवाणे. माझ्या मते या दुसऱ्या शिक्षणाचा वाटा पहिल्याच्या कितीतरी पट असावयास हवा.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे ‘एम्स’वर, संगणकीय हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले व सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणी, दाखला, रजा, सारे कागदावर आले. तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार (नाशिक जिल्ह्यातल्या, आणि स्वतः वैद्यकीय पदवीधर) यांनी लोकसभेत सांगितले की, हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून सर्व माहिती परत मिळाली आणि बहुतेक कामे दोन आठवड्यांनी पूर्ववत झाली. येथे थोडे थांबून विचार करावा. माहिती शाबूत होती, देशातील नामांकित तंत्रज्ञ हाताशी होते, तरीही दोन आठवडे लागले. बॅकअप असणे आणि त्यावरून व्यवस्था पुन्हा उभी करता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्यापैकी किती रुग्णालयांनी आपला बॅकअप एकदा तरी उघडून पाहिला आहे? रक्तपेढीत पिशवी आहे एवढ्यावर कोणी शस्त्रक्रियेस हात घालत नाही. क्रॉस-मॅच करूनच घालतो.

या हल्ल्याचे एक कारण सरकारने संसदेत दिले, ते जाळ्याची योग्य विभागणी नसणे. संसर्गजन्य रुग्णाला सर्वसाधारण कक्षात ठेवले तर काय होते, हे डॉक्टरांना सांगण्याची गरज नाही. स्वागतकक्षातील संगणक, प्रयोगशाळेची यंत्रे आणि रुग्णनोंदींचा सर्व्हर एकाच तारेवर जोडलेले असतील, तर तो प्रकार याहून वेगळा नव्हे.

आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे १८ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्याने ईमेलसोबत आलेली एक्सेलची फाइल उघडली. प्रत्यक्ष स्फोट झाला १४ मे रोजी. मधले आठ आठवडे घुसखोर आत वावरत होते, आणि पहिल्या बाधित संगणकावरील अँटिव्हायरसने मार्चअखेरच त्यांची हत्यारे ओळखलीही होती. फक्त तो अटकाव न करता नोंद घेण्याच्या स्थितीत ठेवलेला होता. चौकशी अहवालातून हे पुढे प्रसिद्ध झाले. २० मे रोजी हल्लेखोरांनी स्वतः होऊन किल्ली दिली, तरी सर्व सर्व्हर पूर्ववत होण्यास सप्टेंबर उजाडला. म्हणजे उपकरणांची वाण नव्हती. ताप चढत होता, तक्ता भरला जात होता, पण तक्ता वाचून उठणारे कोणी नव्हते. इशारा वाचणे, त्यातला खरा-खोटा निवडणे आणि मध्यरात्री वरिष्ठांना उठवण्याचे धाडस करणे, हा प्रशिक्षणाचा विषय आहे. पाच दिवसांच्या वर्गात तो येत नाही.

आणि उपकरणे दूरच, साध्या सवयींचे काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांच्या सी.सी.टी.व्ही. चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरून विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते, याची आपणां मराठी मंडळींना विशेष खंत वाटावी. तपासाविषयी पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार कॅमेऱ्याचा पासवर्ड मूळचाच, ‘ॲडमिन’ आणि पुढे एक-दोन-तीन, असा होता. तपासणीच्या खोलीत कॅमेरा असावा का, हा प्रश्न त्याहून मोठा. तो तंत्रज्ञांना नव्हे, आपल्याला विचारावयाचा आहे.

सुरतकरांना हा धडा नवा नाही. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगने हे शहर हादरले, लाखो लोक निघून गेले, अनेक खासगी दवाखान्यांना टाळे लागले. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून काढून रोज वस्त्यांत पाठवले, ‘ए.सी. ते डी.सी.’ हे त्यांचे वाक्य जुन्या सुरतकरांना आठवत असेल. शहर सुधारले ते रोजच्या फेरीने. संगणक विभागाच्या प्रशिक्षणातही अशी फेरी हवी. आठवड्यातून एकदा तंत्रज्ञाने वॉर्डात, प्रयोगशाळेत, औषधालयात जाऊन पाहावे की पासवर्डची चिठ्ठी पडद्याला चिकटवली आहे का, सोनोग्राफीच्या यंत्रात कोणाचा पेनड्राइव्ह आहे, नोकरी सोडून गेलेल्या परिचारिकेचे खाते अद्याप चालू आहे का. एवढ्या फेरीत तो वर्गाहून अधिक शिकेल.

प्रमाण सांगायचेच झाले, तर वर्षाच्या शंभर तासांपैकी चाळीस तास मी या रोजच्या आरोग्यासाठी ठेवीन. त्यात जाळ्याची विभागणी, अद्ययावतीकरण, खात्यांची छाननी आणि बॅकअप उघडून पाहणे येईल. तीस तास तालमीला, वीस इशारे वाचण्याला, आणि उरलेले दहा घुसखोराच्या युक्त्यांना. शिवाय प्रत्येकाने एका विषयात खोल जावे, पण दुसऱ्याच्या कामाची तोंडओळख ठेवावी. एकच माणूस सर्व जाणतो अशी व्यवस्था त्याच्या रजेच्या दिवशी कोसळते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ला ११ ऑगस्ट २०१८ रोजी झाला, त्या दिवशी शनिवार होता. अठ्ठावीस देशांतून पैसे निघाले, १३ तारखेला पुन्हा घाव पडला, आणि एकूण फटका चौऱ्याण्णव कोटींचा बसला. तेव्हा तालीम सोमवारी सकाळी अकरा वाजता नको. शनिवारी रात्री, रात्रपाळीच्या माणसांनिशी व्हावी.

या तालमीत डॉक्टरांनीही उभे राहिले पाहिजे, हा माझा आग्रह आहे. चार तास संगणक बंद ठेवून आपण औषधांची मात्रा, ॲलर्जी, रक्तगट कागदावर बिनचूक नेऊ शकतो का, हे आपल्यालाच पाहावे लागेल. तंत्रज्ञ ते पाहू शकत नाही. कायदाही जवळ येत आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, सुरक्षेतील हयगयीसाठी दंडाची मर्यादा अडीचशे कोटींपर्यंत आहे. सहा तासांत कोण, कोणत्या क्रमांकावरून, काय कळवणार, हे तालमीत ठरलेले नसेल तर त्या रात्री ठरणार नाही.

दहा खाटांच्या नर्सिंग होमला हे कसे परवडावे, हा आक्षेप रास्त आहे. स्वतंत्र चमू ठेवणे त्यांना शक्य नाही. परंतु पाच-सहा छोट्या रुग्णालयांनी मिळून एक जाणकार तंत्रज्ञ ठेवावा आणि तालमी आळीपाळीने एकमेकांकडे घ्याव्यात, हे आपल्या मंडळाला सहज जमवता येईल. पहिल्या तालमीसाठी आपल्यापैकी कोणीतरी स्वतःचे रुग्णालय द्यावे, आणि इतरांनी त्या रात्री वही-पेन घेऊन हजर राहावे.