पोथी मिटल्यानंतर

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस गीताजयंती साजरी होते आणि तिच्या मागेपुढेच नाताळ येतो. नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती रस्त्यावरील आमच्या वाडीत या दिवसांत एकीकडे गीतापठणाचे स्वर उमटतात, तर ख्रिस्ती बांधवांच्या दारी कागदी तारे उजळतात. पोथी दोघांपाशीही आहे. प्रश्न एवढाच की, पोथी मिटल्यानंतर पुढे काय?

या प्रश्नाशी नागपूरचा एक जुना ऋणानुबंध आहे. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाणाऱ्या आगगाडीत कवी नारायण वामन टिळक यांना एका सहप्रवाशाने 'नवा करार' वाचावयास दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाचा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यापायी लक्ष्मीबाईंना पुढील काही वर्षे पतिवियोगात कंठावी लागली, हे विसरून कसे चालेल? धर्मवचन आचरू पाहणाऱ्याच्या हातूनही घरचे माणूस दुखावते, ही सर्वांनीच ध्यानी घ्यावयाची गोष्ट होय.

आश्चर्य वाटते ते पुढील कथेचे. कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. मात्र माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नव्हे, हे मनास पटताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. पुढे त्यांच्या घरात निराधार मुलांना आसरा मिळाला, बालकवी ठोंबऱ्यांनाही आईची माया लाभली. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते की, या बाईंनी धर्म प्रथम स्वयंपाकघरात आणला आणि मगच तो ओठांवर घेतला.

त्या प्रवचनात एक कठीण आज्ञा आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल असल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा, असा तिचा आशय. ती वाचताना आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवून लाज वाटते. गतवर्षी घरी पारायणाची समाप्ती होती. त्याच सकाळी सामान उतरवून देणाऱ्या हमालाला, सुटे पैसे नाहीत म्हणून, आम्ही 'उद्या या' असे सांगून परत पाठविले. नैवेद्य झाला, आरती झाली; तो 'उद्या' मात्र चार दिवसांनी उगवला. त्या माणसाने पैसे मोजून घेतले आणि मुकाट्याने निघून गेला. देवापुढचे आमचे ताट त्या दिवशी भरलेले होते. त्याच्या घरचे होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

हा बोध आम्हांस परका आहे काय? रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणारे नाथमहाराज आमचेच. वाडीवरून जाणाऱ्या याच रस्त्यावर पुढे मोझरी लागते. तेथील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त सेवेलाच पूजा मानले.

तेव्हा सुज्ञ वाचकहो, यंदा पोथी मिटताना एकवार स्मरावे: कोणाची मजुरी राहिली आहे, कोणत्या भावाशी अबोला आहे? ते देणे फेडूनच नैवेद्याचे ताट उचलावे. देव तेवढा वेळ खचित थांबेल.