परगावाहून आलेली मुले आणि मराठी

आम्ही दोघे भाऊ 1978 साली मऊहून भिवंडीत आलो. मी सात वर्षांचा, भाईजान चौदा वर्षांचे. मला उर्दू शाळेत घातले. मराठी मी गल्लीत खेळताना बोलू लागलो, शाळेत वाचायला शिकलो. भाईजान आठवड्याच्या आत यंत्रमागावर उभे राहिले. कापडाची पारख त्यांना माझ्यापेक्षा अधिक, तरी पेढी मी सुरू केली आणि ते मागावरच राहिले. बँक, वीज कार्यालय, विक्रीकर, सगळीकडे बोलावे लागे, अर्ज लिहावा लागे. तिथे ते मागे सरत.

आम्ही याला नशीब म्हणत आलो. पण अमेरिकेतही हेच आढळले आहे. हॉयट ब्लीकली आणि एमी चिन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या 1990 च्या जनगणनेवरून बालपणी आलेल्या परदेशी लोकांचा अभ्यास केला, तो 2004 साली प्रसिद्ध झाला. अगदी लहानपणी आलेल्यांना इंग्रजी सहज आली. आठ-नऊ वर्षांनंतर आलेल्यांची भाषा कच्ची राहिली, त्यामुळे शिक्षण कमी झाले आणि कमाईही. 2017 च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले की इंग्रजीहून फार वेगळी भाषा बोलणारे, दहा वर्षांच्या पुढे आलेले लोक बोलण्या-लिहिण्याच्या कामांपासून दूर जातात. बहुतेक अंगमेहनतीकडे, शिकलेले असतील तर आकडेमोडीकडे. अक्कल कमी नसते, दरवाजे कमी उघडतात.

उर्दू शिकलेल्या मुलाला तर लिपीही नवी. म्हणून उशीर करू नये. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. आपल्या शाळेत तो तास खरोखर होतो का, हे पालकांनी जाऊन विचारावे. उर्दू सुटेल ही भीती नको. मी आजही घरी उर्दूच वाचतो.

आणि जे मोठेपणी आले त्यांचे काय? कारखानदारांनी पाळी सुटल्यावर आठवड्यातून दोनदा तासभर एक मास्तर बसवावा. खर्च फार नाही. पगाराची चिठ्ठी, बँकेचा अर्ज, वीजबिल वाचता आले तरी माणूस एक पायरी वर चढतो.

भाईजानचे सर्व अर्ज मी चाळीस वर्षे भरून दिले. त्यांना मदत करतो असे मला वाटे. बाराखडी मात्र एकदाही शिकवली नाही. कारागीर बंधूंनो, ही चूक तुमच्या घरात होऊ देऊ नका.