आठ वाघिणी, दोन सांधे



पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी 1998 साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. ते पाहून आलेली मुलं घरी एकच हट्ट धरतात, ‘आपल्याकडे पण अशी रेल्वे हवी!’ आणि घरातून एकच उत्तर येतं, ‘जागा कुठाय?’ आज त्या जागेचंच बघू या.

आधी थोडं गणित. घरगुती रेल्वेचं एक फार चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्या गाडीचा 87वा भाग. आपल्या एक्सप्रेसचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटर लांब असतो. करा भागाकार. आले 27 सेंटिमीटर! असे 20 डबे जोडले तर गाडी 5 मीटरच्या पुढे गेली. म्हणजे इंजिन स्वयंपाकघरात आणि गार्डसाहेब गॅलरीत. शिवाय संचातल्या वळणाच्या रुळांची त्रिज्या 36-37 सेंटिमीटर असते. त्यांचा पुरा गोल मांडायला पाऊण मीटरहून रुंद फळी लागते. बरं, गोल केलात तरी काय? गाडी फिरते, फिरते आणि फिरतच राहते. मला विचाराल तर दहा मिनिटांत कंटाळा येतो.

म्हणून एक्सप्रेसला टाटा करायचा आणि मालधक्क्यावर जायचं. तिथे गाडी कुठे जात नाही, पण इंजिनाला क्षणाची उसंत नसते. ही वाघीण काढ, ती आत ढकल. यालाच शंटिंग म्हणतात. (वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा बरं का, जंगलातली नव्हे! इंग्रजी ‘वॅगन’ची आपल्या लोकांनी वाघीण करून टाकली.)

इंग्लंडमधल्या अॅलन राइट नावाच्या हौशी माणसानं यावर एक झकास आराखडा केला. त्याचं नाव ‘इंगलनुक सायडिंग्ज’. सांधे फक्त दोन, रूळ तीन. एका रुळावर 5 वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. तिन्ही रूळ एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला एकाच तुकड्याला मिळतात. या तुकड्याला रेल्वेची माणसं ‘शंटिंग नेक’ म्हणतात, आपण मान म्हणू. मानेत इंजिन आणि 3 वाघिणी एवढंच मावतं. लहान वाघिणी घेतल्या तर सगळं चार-पाच फूट लांब आणि फूटभर रुंद फळीवर बसतं. पुस्तकांच्या फडताळावरसुद्धा!

खेळ असा. वाघिणी आठ, त्यांना 1 ते 8 नंबर. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं मोठ्या रुळावर गाडी लावायची. अशा किती गाड्या होतील? 8 × 7 × 6 × 5 × 4, म्हणजे 6720. रोज एक लावलीत तरी 18 वर्षं पुरेल!

खरी गंमत आहे ती लांबीत. तुम्हाला वाटेल, मान थोडी लांब केली तर बरं. करून बघा. पाच वाघिणी एकदम बाहेर यायला लागल्या की कोडं अगदी सोपं होऊन जातं. उलट तिन्ही रुळांवर मिळून जागा 11, तिथे 11 वाघिणी ठेवल्यात तर एकही जागा रिकामी उरणार नाही. आठच वाघिणी म्हणून तीन जागा रिकाम्या, आणि त्या रिकाम्या जागांवरच सगळा खेळ चालतो. जॉन अॅलन या अमेरिकन माणसाचं ‘टाइमसेव्हर’ हेही असंच कोडं, पण त्याला पाच सांधे. सुरुवातीला नकोच ते.

रूळ विकत आणायची घाई करू नका, ते महाग असतात. आधी कागदावर. जुन्या कॅलेंडरची दोन पानं पाठीमागून जोडा आणि आठ काडेपेट्यांवर नंबर घाला. इंजिनाला नववी. एक पेटी म्हणजे एक वाघीण. मान चार पेट्यांची, मग सांध्यांसाठी वीतभर जागा, पुढे तीन रूळ.

इथे बहुतेकांचं माप चुकतं. दोन रूळ सांध्यापाशी अगदी जवळ असतात. तिथे पेटी उभी केली तर शेजारून जाणारी पेटी तिला धडकते. खऱ्या रेल्वेत अशा जागी ‘फाउलिंग मार्क’ असतो, त्याच्या अलीकडे वाघीण उभी करायची नाही. म्हणून पाच पेट्या मोजायच्या त्या सांध्यापासून नव्हे, दोन पेट्या शेजारी नीट मावतात तिथून.

आता एक प्रयोग. लहान रुळावर बंद टोकापासून 6, 7, 8 उभ्या करा. तिन्ही एकदम मानेत ओढा आणि दुसऱ्या लहान रुळावर ढकला. क्रम तोच राहिला ना? आता त्याच एक-एक करून न्या. झाला उलटा! एकदम किती ओढायच्या आणि कुठे किती सोडायच्या, हे ठरवतानाच डोकं चालवावं लागतं.

पहिल्या डावाच्या चिठ्ठ्या मीच उचलते. मोठ्या रुळावर बंद टोकापासून 1 ते 5, एका लहान रुळावर तशाच 6, 7, 8, दुसरा रिकामा. गाडी लावायची आहे, बंद टोकापासून, 6, 2, 8, 1, 4. इंजिनानं मानेतून एका रुळावर जाऊन परत येणं ही एक खेप. किती खेपा लागल्या ते काडेपेटीच्या पाठीवर लिहून ठेवा, आणि मग भावाला किंवा मैत्रिणीला बसवा.