निसर्गभक्ती की निसर्गावर हुकमत?

'चेटूक' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्मशान, टाचण्या टोचलेले लिंबू आणि काळी बाहुली उभी राहते. इंग्लंड-अमेरिकेत गेल्या पाऊणशे वर्षांत मूळ धरलेल्या 'विक्का' या निसर्गनिष्ठ चेटूकधर्माचे रूप मात्र निराळे आहे. तेथील उपासक गृहिणी सकाळच्या कॉफीत चिमूटभर दालचिनी घालते, ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ढवळते व ढवळताना भरभराटीची कामना करते. दाराशी संरक्षणासाठी रोझमेरीची जुडी, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेले पाणी, धनप्राप्तीसाठी हिरवी मेणबत्ती आणि ऋतुचक्राचे आठ सण, असा हा घरगुती धर्म आहे. कोणास अपाय करू नये, हा त्याचा पहिला नियम. सैतानाला त्यात स्थानच नाही. तेव्हा विक्काच्या अनुयायांना सैतानपूजक म्हणणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणे होय. आमचा विरोध आहे तो वेगळ्या कारणांसाठी.

पहिले कारण इतिहासाचे. मार्गारेट मरे या विदुषींनी १९२१ साली असा सिद्धांत मांडला, की युरोपात चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या स्त्रिया वस्तुतः ख्रिस्तपूर्व निसर्गधर्माच्या उपासक होत्या. मलायातून निवृत्त होऊन परतलेले जकात अधिकारी जेराल्ड गार्डनर यांनी तोच धागा उचलला. १७३५ चा चेटूकविषयक कायदा ब्रिटनमध्ये १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनर यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मरेबाईंचा सिद्धांत पुढे इतिहासकारांनी मोडीत काढला. विक्का हा विसाव्या शतकात घडलेला धर्म आहे, हे रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली साधार दाखवून दिले. धर्म नवा असणे हा दोष नव्हे; उसनी वंशावळ मिरवणे हा मात्र दोष होय.

ही वंशावळ निरुपद्रवीही नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटुकाच्या आरोपावरून सुमारे ४० ते ५० हजार माणसे मारली गेली. कॅथलिक व प्रोटेस्टंट, दोन्ही प्रदेश या पातकाचे धनी आहेत. हाइनरिक क्रामर या डॉमिनिकन संन्याशाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस या छळाला ग्रंथाचा आधार दिला, तर फ्रीड्रिख स्पे या येशूसंघीय धर्मगुरूने १६३१ साली यातना देऊन मिळवलेल्या कबुलीजबाबांचा फोलपणा उघड केला. मारली गेलेली बहुतेक माणसे बाप्तिस्मा घेतलेली साधी ख्रिस्ती माणसे होती. त्यांना मृत्यूनंतर परस्पर दुसऱ्या धर्माचे हुतात्मे ठरवणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय. आपल्याकडे करणीचा आळ आजही माणसाला आयुष्यातून उठवतो. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला असा आळ घेऊन छळणाऱ्यास गुन्हेगार ठरवावे लागले. असे असताना 'चेटकीण' हे बिरुद हौसेने मिरवावे, हे आम्हांस रुचत नाही.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. यंत्रयुगाने निसर्गाचा बाजार मांडला, म्हणून आम्ही निसर्गाकडे परतलो, असे विक्काचे अनुयायी सांगतात. त्यांची ही व्यथा खरी आहे. डोंगर फोडले जात असताना आणि विहिरी खारट होत असताना ती आपल्यालाही कळते. परंतु उपाय काय? दालचिनीने पैसा आणावा, चंद्राने मनोरथ पुरवावेत, मेणबत्तीने प्रियकर मिळवून द्यावा! बाजार झाडाला लाकूड समजतो, मंत्र त्याला गुलाम समजतो. दोन्हीकडे प्रश्न एकच: यातून मला काय मिळेल? त्यांच्या विधींत कृतज्ञता मुळीच नसते, असे आमचे म्हणणे नाही. पण जेथे मंत्र सुरू होतो, तेथे कृतज्ञता संपते व मागणी उरते. असिसीच्या संत फ्रान्सिसने सूर्याला बंधू आणि चंद्राला भगिनी म्हटले. भगिनीवर कोणी मंत्र टाकत नाही. ती आपल्यासारखीच एका पित्याची निर्मिती असते, आणि म्हणूनच ती आपली मालमत्ता नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीची जपणूक हा श्रद्धेचाच भाग मानला, तो याच नात्याने.

आता वाचकहो, तर्जनी आपल्याकडे वळवू या. विक्का दूर देशी आहे. त्याची वृत्ती मात्र आपल्या उंबरठ्याच्या आत आहे. रविवारी मिस्सेला जाणारी माउली संध्याकाळी मीठ-मिरच्यांनी बाळाची दृष्ट काढते. नव्या मोटारीच्या पुढे लिंबू-मिरची लोंबते आणि आत जपमाळ! नऊ मंगळवार नोव्हेना केली, तरी मुलाला नोकरी लागली नाही, म्हणून संतावर रुसणारे श्रद्धावंत कोणत्या धर्मग्रामात नाहीत? झावळ्यांच्या रविवारचा क्रूस, आशीर्वादित पाणी, गळ्यातले पदक ही प्रार्थनेची साधने आहेत. अंतःकरणाचा विचार न करता केवळ बाह्य कृतीला सामर्थ्य चिकटवणे ही अंधश्रद्धा होय, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. जादूटोणा बरे वाटावे म्हणून केला तरी तो निषिद्धच, हेही तोच ग्रंथ सांगतो.

प्रार्थना आणि मंत्र यांतील भेद ओठांवरच्या शब्दांत नसतो. मंत्र म्हणणारा म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे होवो. गेथशेमनी बागेत रक्ताचा घाम गाळीत प्रभूने याच्या अगदी उलट मागणे मागितले. तेव्हा दालचिनीवाल्या बाईला हसण्यापूर्वी प्रत्येकाने आपली नोव्हेना तपासावी. दृष्टीची मिरची चुलीत न टाकता बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करावी. त्याला ताप आला असेल, तर वैद्याकडे न्यावे. आणि अंगणातल्या झाडाकडून काही मिळवायचे नसतानाही त्याला रोज तांब्याभर पाणी घालावे.