धारप चाळिशीनंतर वाचा

नारायण धारप (1925–2008) म्हणजे पोराटोरांचं वाचन, असं शिक्षकांच्या खोलीत आजही ऐकू येतं. मी स्वतः उर्दू-मराठी शिकवतो आणि मला हे साफ अमान्य आहे.

सोळाव्या वर्षी 'लुचाई' वाचली. मेलेली माणसं रक्तासाठी परत येतात, गावाचा घास घेतात. भीती त्यांचीच वाटली. स्टीफन किंगच्या 1975 सालच्या 'सेलम्स लॉट'वर ती बेतलेली आहे, हे पुढे कळलं.

यंदा पुन्हा वाचली. मधल्या काळात अब्बांना गुस्ल दिला, पिशोरच्या कब्रस्तानात तीन मुठी माती दिली. आता भीती उलटली. रात्री अब्बांनी कडी वाजवली, तर ते अब्बा नाहीत हे ठाऊक असूनही मी दार उघडीन. भीती वाटली ती माझीच.

मयतीची खबर आली की आपण म्हणतो, परतायचं आपल्याला आहे, अल्लाहकडे. गेलेल्यानं आपल्याकडे परतायचं नसतं. हे शब्द लहानपणापासून तोंडपाठ होते. ते मनाला पटायला मला एक भयकादंबरी लागली. तिला उथळ म्हणणाऱ्यांनी आधी कुणाला तरी माती द्यावी, मग ती पुन्हा उघडावी.